बेडक्यातून क्षयजंतूंचा डीएनए काढताना: कोणती पद्धत आणि कशासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमडीच्या प्रबंधासाठी तुम्ही क्षयरुग्णांच्या बेडक्यातून जंतूंचा डीएनए तीन पद्धतींनी काढलात: नुसता उकळून, सीटॅब (साबणासारखं एक रसायन) आणि क्लोरोफॉर्म वापरून, आणि सिलिका कॉलमच्या (डीएनए धरून ठेवणाऱ्या जाळीच्या) किटने. नॅनोड्रॉपवर, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर, कॉलमचा डीएनए सगळ्यात स्वच्छ दिसला, सीटॅबचा भरपूर दिसला आणि उकळलेला अगदीच गढूळ. पण रिअल-टाइम पीसीआर (डीएनएच्या प्रती चक्रागणिक वाढवून मोजणारी तपासणी) लावल्यावर स्मिअर-पॉझिटिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या नमुन्यांत उकळलेल्या डीएनएचा सीटी, म्हणजे डीएनए ज्या चक्राला दिसू लागतो तो आकडा, कॉलमच्या आधी आला. तुमच्या गाइडना वाटतं की हाताळणीत कुठेतरी चूक झाली. तुम्ही विचारताय, नक्की चांगली पद्धत कोणती आणि प्रबंधात लिहायचं काय?

मी गेली बावीस वर्षं याच कामात आहे, त्यातली बरीच क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत गेली. तुमचे आकडे वाचून मला तरी तुमच्या हातात चूक दिसत नाही. आकडे खरं बोलताहेत. फक्त नॅनोड्रॉप एका गोष्टीबद्दल बोलतोय आणि पीसीआर दुसऱ्या.

आधी नॅनोड्रॉपचं पाहू. क्षयजंतूचा जीनोम साधारण ४४ लाख बेस जोड्यांचा आहे. म्हणजे एका जंतूत जेमतेम ५ फेम्टोग्रॅम डीएनए. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम असतो, म्हणजे एका जंतूच्या तेराशे पट. स्मिअरवर जंतू दिसायला एका मिलीलिटर बेडक्यात ५ ते १० हजार जंतू लागतात. दहा हजार धरले तरी त्यांचा सगळा डीएनए मिळून ५० पिकोग्रॅम. बेडक्यातल्या सात-आठ पांढऱ्या पेशींत तेवढा डीएनए असतो, आणि तिथे पांढऱ्या पेशी लाखांनी असतात. जंतूंचा तो ५० पिकोग्रॅम एक कणही वाया न जाता १०० मायक्रोलिटरमध्ये उतरला, तर मायक्रोलिटरमागे अर्धा पिकोग्रॅम पडतो. नॅनोड्रॉपला सुमारे २ नॅनोग्रॅमच्या खाली धड वाचताच येत नाही, म्हणजे त्याच्या या सीमेच्याही चार हजारपट खाली आपला क्षयजंतू बसलेला आहे.

तेव्हा तुम्ही नॅनोड्रॉपवर मोजलात तो रुग्णाच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए. १८६९ साली ट्युबिंगनमध्ये फ्रिडरिश मीशर यांनी शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातून जो पदार्थ, म्हणजे आजचा डीएनए, प्रथम वेगळा केला, तोही पांढऱ्या पेशींचाच होता. आपण दीडशे वर्षांनी तेच काम अधिक सफाईने करतो आणि त्याला जंतूंचा डीएनए समजतो. २६०/२८० चं (या दोन नॅनोमीटरवरच्या शोषणाचं) गुणोत्तर १.८ आलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्यात प्रथिनं फारशी उरलेली नाहीत. जंतू फुटला की नाही, याबद्दल ते एक अक्षरही सांगत नाही. म्हणून प्रबंधात हा तक्ता जरूर द्या, पण पद्धतींची क्रमवारी त्यावरून लावू नका.

आता मूळ मुद्दा. डीएनए काढणं म्हणजे दोन वेगळी कामं असतात: जंतू फोडणं आणि बाहेर आलेला डीएनए साफ करणं. उकळण्याने जंतू थोडाफार फुटतो, साफसफाई काहीच होत नाही. कॉलम साफसफाई उत्तम करतो, पण फोडायचं काम त्याचं नाही. ते त्याच्या आधीच्या पायरीत जेवढं झालं असेल तेवढंच. म्हणजे ‘उकळणं विरुद्ध कॉलम’ ही तुलना खलबत्ता आणि चाळणीची तुलना झाली. तुमच्या किटची पुस्तिका पुन्हा उघडून पाहा. बहुधा ते ऊतींसाठीचं किट असेल आणि फोडण्याची पायरी ‘प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर ठेवा’ अशी असेल. माणसाच्या पेशीला ते पुरेसं आहे, ई. कोलायलाही चालून जातं. क्षयजंतूच्या भिंतीत मात्र पेप्टिडोग्लायकॅन, त्यावर अरॅबिनोगॅलॅक्टन आणि त्यावर ६० ते ९० कार्बनच्या लांब साखळ्यांची मायकोलिक आम्लं असा मेणकट थर असतो. प्रोटिनेज-के प्रथिनं कापतं, मेणाचं ते काही करू शकत नाही. त्यामुळे न फुटलेले जंतू कॉलमच्या जाळीवर अडकून राहिले आणि तुम्ही ते कॉलमसकट टाकून दिलेत. ९५ अंशांवर उकळलेले जंतू निदान काही प्रमाणात तरी फुटले. तुमच्या सीटीतला फरक इथून आला, असा माझा अंदाज आहे.

तो पडताळणं सोपं आहे. त्याच किटमध्ये प्रोटिनेज-केच्या आधी पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला गाळ) ९५ अंशांवर गरम करा, मग ०.१ मिलिमीटरचे काचेचे किंवा झिरकोनियाचे मणी घालून बीड-बीटरवर (ट्यूब जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) हलवा, आणि पुढे कॉलम जसाच्या तसा चालवा. सीटी अलीकडे आला तर दोष फोडण्याच्या पायरीत होता, हे सिद्ध झालं. मणी वापरताना दोन गोष्टी पाळा. जंतू आधी उष्णतेने मारल्याशिवाय ट्यूब बीटरवर लावायची नाही. आणि हलवून झाल्यावर ट्यूब काही मिनिटं शांत ठेवून मगच, तीही सेफ्टी कॅबिनेटमध्ये, उघडायची. आत तयार झालेला तुषार खाली बसू द्यावा लागतो.

जंतू मारण्याचं निघालंच आहे तर सांगते. ड्राय बाथमध्ये ट्यूबचा तळ ९५ अंशांवर असतो, पण झाकण थंडच राहतं. झाकणाला चिकटलेला थेंब तसाच जिवंत राहू शकतो. ८० अंशांवर २० मिनिटांत सगळे जंतू मरतात का, याबद्दल तर संशोधकांतच मतभेद आहेत. मी स्क्रू-कॅपची ट्यूब आधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक झटका देऊन थेंब खाली आणते आणि मग ती अर्धा तास ९५ अंशांवर ठेवते. तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांचा हा प्रश्न आहे, त्यात दहा मिनिटं वाचवू नका.

प्रत्येक जंतूची भिंत वेगळी असते, हे केवळ क्षयापुरतं खरं नाही. लघवीतला ई. कोलाय पाण्यात दहा मिनिटं उकळला तरी पीसीआरपुरता डीएनए देतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला लायसोझाइम घालून तासभर वाट पाहिलीत तरी तो जवळजवळ तसाच राहतो. त्याला लायसोस्टॅफिन लागतं किंवा मणी. एकच किट सगळ्या नमुन्यांना वापरणाऱ्या प्रयोगशाळांत ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू गुपचूप हातातून निसटतात आणि अहवालात ‘आढळले नाहीत’ असं छापून येतं.

आता बेडक्याबद्दल. डीएनए काढण्याच्या पद्धतींवर आपण जेवढं भांडतो, त्याच्या निम्मं लक्ष नमुन्यावर दिलं तर जास्त पॉझिटिव्ह सापडतील. डबीत आलेली थुंकी आहे की बेडका, हे आधी पाहा. पातळ, पारदर्शक, फेसाळ असेल तर ती तोंडातली लाळ. त्यातून कुठल्याही किटने फार काही निघणार नाही. नमुन्याचं स्वरूप तुम्ही नोंदवलं असेल तर निकाल त्यानुसार वेगळे करून पाहा.

त्यानंतर येतं नाल्क (श्लेष्मा पातळ करणारं रसायन) आणि सोडियम हायड्रॉक्साइड. ही प्रक्रिया आपण कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) करतो, डीएनएसाठी नाही, पण पेलेट बहुतेकदा त्यातूनच येतो. हायड्रॉक्साइड १५ मिनिटांपेक्षा जास्त राहिलं तर जंतूंचंच नुकसान होतं. आणि ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरने नीट धुतलं नाही तर अल्कली पेलेटबरोबर पुढे येतं. कॉलमवर सिलिकाला डीएनए धरून ठेवायला पीएच साधारण ७.५ च्या खाली लागतो. अल्कली उरलं असेल तर डीएनए सिलिकाला चिकटतच नाही आणि धुण्यात निघून जातो. कॉलमचे निकाल काही नमुन्यांत अचानक कोसळलेले दिसत असतील तर ही शक्यता तपासा.

सेंट्रिफ्यूजचं तर मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. पुस्तकात ‘३००० जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोर) असतं आणि मशीनच्या पॅनेलवर ‘३००० आरपीएम’ लावलं जातं. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर ३००० आरपीएमला जेमतेम १००० जी मिळतात. क्षयजंतू मेणामुळे हलका, तो सहजी खाली बसत नाही. वरचं पाणी ओतताना जंतूही त्याबरोबर ओतले जातात. तुमच्या विभागातल्या मशीनच्या रोटरची त्रिज्या पट्टीने मोजा आणि जी काढा. प्रबंधातही आरपीएम लिहू नका, जी लिहा.

आता तुमच्या तीन पद्धती, आणि सोबत ज्या तुम्ही घेतल्या नाहीत त्या.

उकळण्याला मी कमी लेखत नाही. लाइन प्रोब तपासणीत (औषधांना दाद न देणारे जंतू पट्टीवर ओळखणाऱ्या) स्मिअर-पॉझिटिव्ह नमुन्यांसाठी जे वापरतात ते याचंच सुधारलेलं रूप आहे: पेलेट १०० मायक्रोलिटर लायसिस (जंतू फोडणाऱ्या) बफरमध्ये घ्यायचा, ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवायचा, मग तेवढाच न्यूट्रलायझेशन बफर घालून फिरवायचं आणि वरचं पाणी वापरायचं. स्वस्त, जलद, आणि ट्यूब बदलावी लागत नसल्याने जंतू कमी गमावतात. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण साफसफाईच्या प्रत्येक पायरीला डीएनएचा थोडा बळी जातो. पण उकळलेल्या द्रावात रक्त, प्रथिनं, श्लेष्मा सगळं असतं. रक्तातलं हीम, इम्युनोग्लोब्युलिन, लॅक्टोफेरिन हे पीसीआर चालवणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवतात. रक्तमिश्रित बेडक्यात तुमचा उकळलेला डीएनए फसला असेल तर कारण हेच. दुसरं, उकळल्यावर दोन धागे सुटे होतात. दुहेरी धाग्याचा डाय वापरणाऱ्या क्यूबिट या मोजणीच्या यंत्रावर असा डीएनए कमी दिसतो, आणि पुढे सिक्वेन्सिंगची लायब्ररी करायची असेल तर तो निरुपयोगी ठरतो. तिसरं, तो टिकत नाही. त्याच दिवशी वापरला तर ठीक, महिन्याने फ्रीजरमधून काढून पुन्हा लावलात तर सीटी मागे गेलेला दिसेल.

यावर एक साधा उपाय म्हणजे चेलेक्स नावाचं रेझिन. १९९१ साली न्यायवैद्यक कामासाठी ती पद्धत पुढे आली. रेझिन धातूंचे आयन धरून ठेवतं, त्यामुळे गरम होताना डीएनए तुटत नाही आणि डीएनए कापणारी एन्झाइमंही थंडावतात. मात्र रेझिनचा एक दाणा जरी पीसीआरच्या ट्यूबमध्ये गेला तरी तो तिथलं मॅग्नेशियम ओढून घेतो आणि सगळं थांबतं. टिप कधीही तळाला टेकवायची नाही.

सीटॅब ही माझ्या आवडीची पद्धत आहे, पण बेडक्यासाठी नाही. ती कल्चरची पद्धत आहे. नव्वदच्या दशकात आयएस६११० (क्षयजंतूच्या जीनोममधला, बहुधा अनेकदा येणारा तुकडा) वापरून जंतूंचे वाण ओळखणाऱ्या आरएफएलपी तपासणीसाठी न तुटलेला, मायक्रोग्रॅममध्ये डीएनए लागायचा. एलजे या घन माध्यमाच्या बाटलीवरून खरवडलेले जंतू लायसोझाइममध्ये रात्रभर, मग एसडीएस हा डिटर्जंट आणि प्रोटिनेज-के, मग मीठ आणि सीटॅब घालून ६५ अंशांवर दहा मिनिटं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, शेवटी आयसोप्रोपॅनॉल. आजही पूर्ण जीनोमच्या सिक्वेन्सिंगसाठी कल्चरमधून डीएनए काढायचा तर मी हीच करते. भिंतीतली पॉलिसॅकराइडं इतकी स्वच्छ दुसऱ्या कशाने जात नाहीत. त्यात मिठाचं प्रमाण हा जीव आहे. ०.७ मोलरच्या आसपास मीठ असेल तर सीटॅब पॉलिसॅकराइडांशी बांधला जातो आणि डीएनए पाण्यात राहतो. मीठ फार कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतो, आणि तुम्ही तो मधल्या पांढऱ्या थरात फेकून देता. म्हणून मीठ आधी, सीटॅब नंतर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सीटॅबची बाटली पांढरी गोठलेली दिसते. एसडीएसही तसाच साका धरतो. ती ६५ अंशांच्या बाथमध्ये ठेवून पूर्ण पारदर्शक करा, वरचंच निवळ पाणी घेऊन काम उरकू नका. आमच्याकडे एका हिवाळ्यात आठवडाभर डीएनए नीट निघत नव्हता, तेव्हा कारण हेच निघालं.

बेडक्यात जंतू थोडे असताना सीटॅब का नको? अल्कोहोलने अवक्षेपण करताना डीएनए फार कमी असेल तर तो खाली बसतच नाही. पेलेट डोळ्याला दिसत नाही, ७० टक्के इथेनॉलबरोबर निघून जातो. ग्लायकोजेन घातलं तर काही प्रमाणात वाचतो. तुमच्या तुलनेत सीटॅबने ‘भरपूर’ दिलेला डीएनए माणसाचा होता, हे वर आलंच आहे.

सिलिकाचा पाया १९९० साली ॲम्स्टरडॅमच्या बूम आणि सहकाऱ्यांनी घातला. ग्वानिडिनियम थायोसायनेटसारख्या तीव्र द्रावात डीएनए सिलिकाला चिकटतो, अल्कोहोलमिश्रित बफरने धुता येतो आणि कमी क्षाराच्या, किंचित अल्कलाइन पाण्यात सुटतो. कॉलम किंवा चुंबकीय मणी, रसायन तेच. कॉलमच्या तीन गोष्टी हातानेच शिकाव्या लागतात. घट्ट बेडका जाळी बुजवतो, म्हणून आधी पूर्ण पातळ करायला हवा. शेवटच्या धुण्यानंतर कॉलम रिकामाच एकदा फिरवायचा, नाहीतर उरलेलं इथेनॉल पीसीआरला अडवतं. आणि एल्यूशन बफर (डीएनए सोडवून घेणारा) कोमट करून जाळीच्या मध्यावर सोडायचा, मिनिटभर थांबायचं, मग फिरवायचं.

एक धोका इथे ठळकपणे सांगायलाच हवा. आपल्याकडे जंतुयुक्त काहीही असलं की त्यात हायपोक्लोराइट ओतायची सवय असते. ग्वानिडिन थायोसायनेट असलेल्या बफरमध्ये हायपोक्लोराइट पडलं की सायनाइडयुक्त विषारी वायू तयार होतात. किटमधल्या लायसिस बफरचं आणि पहिल्या धुण्याचं पाणी वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत जमा करा. मावशींना, मामांना, रात्रपाळीच्या तंत्रज्ञांना हे स्वतः समजावून सांगा. भिंतीवर कागद चिकटवून भागत नाही.

चुंबकीय मण्यांची मशीनं २०२० नंतर अनेक ठिकाणी आली. कोविडसाठी घेतलेली ती यंत्रं आता क्षयासाठी वापरावीत का, असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. यंत्र जरूर वापरा, पण विषाणूंचं किट तसंच वापरू नका. कोरोना विषाणूवर मेदाचं पातळ आवरण असतं, ते ग्वानिडिनमध्ये क्षणात विरघळतं. क्षयजंतूला त्याने फारसं काही होत नाही. यंत्रावर चढवण्याआधी उष्णता आणि मणी ही पायरी हाताने करा, मग तेच यंत्र चांगलं काम देतं.

बंद काडतुसांच्या तपासण्यांतही हेच तत्त्व दिसतं. जीनएक्सपर्टमध्ये नमुना द्रावणासोबत १५ मिनिटं ठेवल्यावर काडतुसाच्या आत ध्वनिलहरींनी जंतू फोडले जातात; तिथे निव्वळ रसायनावर भरवसा ठेवलेला नाही. गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅटमध्ये डीएनए काढण्याचं काडतूस वेगळं आणि पीसीआरची चिप वेगळी, म्हणून उरलेला डीएनए रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारे जंतू ओळखणाऱ्या चिपवर लावता येतो. जिथे एसी नाही, वीज जाते-येते, तिथे त्याचा मोठा आधार वाटतो. आणि एक्सपर्टची जुनी तपासणी मिलीलिटरमागे १३१ जंतूंपर्यंत पोचायची, अल्ट्रा १६ पर्यंत पोचते. ही झेप कशाने? पीसीआरचा कप्पा २५ ऐवजी ५० मायक्रोलिटरचा केला आणि आयएस६११०, आयएस१०८१ अशी जीनोममध्ये अनेकदा येणारी लक्ष्यं निवडली. नमुन्याचा किती भाग प्रत्यक्ष पीसीआरपर्यंत जातो, हे किती मोलाचं आहे पाहा.

याच मुद्द्यावर एक आठवण सांगते, कारण ती माझ्या मनातून कधी गेली नाही. मी तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होते, तिथे मेंदूज्वराच्या संशयाने एका लहान मुलाच्या पाठीतलं पाणी आलं, ३ मिलीलिटर. किटच्या पुस्तिकेत ‘२०० मायक्रोलिटर घ्या’ असं होतं. आम्ही तेवढंच घेतलं, १०० मध्ये उतरवलं, त्यातलं ५ पीसीआरला लावलं. निगेटिव्ह कळवलं. काही आठवड्यांनी कल्चर वाढलं. नंतर मी हिशोब केला. पीसीआरच्या ट्यूबमध्ये त्या ३ मिलीलिटरपैकी फक्त १० मायक्रोलिटरचा डीएनए गेला होता, तीनशेवा भाग. त्या पाण्यात मिलीलिटरमागे शंभर जंतू असते तरी ट्यूबमध्ये सरासरी एक पडला असता, तोही वाटेत काहीच गमावलं नाही असं धरून. पद्धत चुकली नव्हती. आम्ही पुस्तिकेला नमुन्यापेक्षा मोठं मानलं होतं. त्यानंतर मी पाठीतलं पाणी मिळेल तेवढं, शक्यतो ६ मिलीलिटर किंवा जास्त मागते, सगळं फिरवते, सगळा तळ वापरते, ५० मध्ये उतरवते आणि पीसीआरला जास्तीत जास्त लावते. क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन करून ‘अजून थोडं मिळेल का’ विचारायला मी कधी संकोचत नाही.

रक्ताबद्दल फक्त एवढंच: हेपॅरिनच्या नळीतलं रक्त पीसीआरसाठी घेऊ नका, ईडीटीएचं घ्या. आणि ब्लड कल्चरच्या बाटलीत गोठू नये म्हणून घातलेलं सोडियम पॉलिॲनेथॉल सल्फोनेट सिलिकावरही डीएनएबरोबर चिकटून येतं आणि पीसीआर बंद पाडतं. तिथे बेंझिल अल्कोहोलची एक पायरी जोडावी लागते.

आता तुमची तुलना न्याय्य कशी करायची ते. तुम्ही एकाच रुग्णाचे तीन नमुने तीन पद्धतींना दिलेत की एकच नमुना एकजीव करून तिघांत वाटलात, हे लिहिलेलं नाही. पहिलं असेल तर तुलना तिथेच संपते. सकाळच्या आणि दुपारच्या बेडक्यात दहापट फरक असू शकतो. नमुना नाल्कने पूर्ण पातळ करून, वर्टेक्स करून (यंत्रावर घुसळून), मगच समान भागांत वाटा. शेवटी तिन्ही पद्धतींत डीएनए समान आकारमानात उतरवा, नाहीतर कॉलमचा १०० आणि उकळलेल्याचा २०० यांची तुलना सीटीत एका चक्राने आपोआप चुकेल.

अडथळा किती आहे, हे तपासायला प्रत्येक डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. अडथळा नसेल तर सीटी साधारण ३.३ ने मागे जायला हवा. तो जेमतेम एकाने गेला किंवा उलट पुढे आला, तर त्या नमुन्यात पॉलिमरेज गुदमरत होतं. हा प्रयोग एका दिवसाचा आहे आणि नॅनोड्रॉपच्या पानभर तक्त्यापेक्षा परीक्षकांना जास्त सांगून जाईल. त्यासोबत, माणसात किंवा जंतूत नसलेला एखादा डीएनए ठरावीक प्रमाणात लायसिसच्या आधी घाला. तो प्रत्येक नमुन्यात किती परत मिळतो, यावरून साफसफाईत किती गमावलं ते कळतं. मात्र जंतू फुटला की नाही, ते त्यावरून कळत नाही, कारण तो डीएनए आधीच मोकळा आहे.

निगेटिव्ह बेडक्यात एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित क्षयजंतूचं कल्चर मिसळून केलेल्या तुलनांवर मी कमी विसंबते. ट्वीन-८० मध्ये वाढवलेले, गुठळ्या मोडलेले ते जंतू रुग्णाच्या श्लेष्मात रुतलेल्या जंतूंइतके हट्टी नसतात. पातळी ठरवायला ते वापरा, निष्कर्ष काढायला खरे नमुनेच हवेत.

प्रत्येक खेपेत नमुन्याऐवजी नुसतं पाणी घेतलेली एक ट्यूब पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत चालवा. किटच्या अभिकर्मकांतसुद्धा जंतूंचा डीएनए असतो. १६एस या सगळ्या जंतूंत असणाऱ्या जनुकावर काम करणाऱ्यांना राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असे पाण्यातले-मातीतले जंतू रुग्णाच्या नमुन्यात सापडले, आणि ते आले होते किटमधून. क्षयाच्या पीसीआरमध्ये ती अडचण कमी, पण जुन्या पीसीआरचं उत्पादन हवेत, पिपेटवर, एप्रनवर असतंच.

आणखी एक. आयएस६११० हे लक्ष्य वापरलं असेल तर लक्षात ठेवा की दक्षिण भारतातल्या काही क्षयजंतूंत त्याची एकच प्रत असते, काहींत एकही नसते. असा नमुना तिन्ही पद्धतींत निगेटिव्ह येईल आणि खापर डीएनए काढण्यावर फुटेल. कल्चर पॉझिटिव्ह पण तिन्ही निगेटिव्ह असे जे असतील ते दुसऱ्या लक्ष्यावर लावून पाहा.

प्रबंधात काय लिहायचं, तर माझं मत असं. बेडका भरपूर जंतूंचा असेल आणि निकाल आज हवा असेल तर उष्णतेची पद्धत, शक्यतो चेलेक्ससह. जंतू थोडे असतील, स्मिअर निगेटिव्ह असेल, किंवा छातीतलं-पाठीतलं पाणी असेल तर उष्णता, मणी आणि मग कॉलम, तेही सगळा तळ घेऊन. कल्चरमधून सिक्वेन्सिंगला सीटॅब. गाइडना हे पटवायचं तर वर सांगितलेला मण्यांचा प्रयोग आणि दहापट पातळ करण्याचा प्रयोग, हे दोन करून दाखवा. विश्लेषणात जोडीने तुलना होते, म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी मॅकनेमर ही सांख्यिकी चाचणी लावा आणि कल्चर हा आधार धरा. स्मिअर ३+ चे (भरपूर जंतूंचे) नमुने बाजूला ठेवलेत तरी चालेल, तिथे सगळ्याच पद्धती जिंकतात. पद्धतींचा खरा कस लागतो तो स्मिअर निगेटिव्ह पण कल्चर पॉझिटिव्ह नमुन्यांत.

उरलेले पेलेट उणे २० मध्ये ठेवले असतील तर त्यातले हेच नमुने आधी बाहेर काढा. पाच-सहा मिळाले तरी मण्यांसह आणि मण्यांशिवाय, एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावा. बीड-बीटर विभागात नसेल तर वर्टेक्सवर ट्यूब आडवी चिकटवून दहा मिनिटं चालवली तरी फरक दिसेल. सीटी आले की कळवा, सोबत पाण्याच्या ट्यूबचाही.